न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

७ जानेवारी

एकाहत्तराव्या वर्षी एका टेबलावर माझी पाटी लागली. पाटी म्हणजे दुमडलेला पुठ्ठा. त्यावर भाचीने निळ्या शाईने ‘वाचक’ असे लिहिले आहे. पुढे ती ‘मावशी’ लिहू पाहत होती; मी तिचा हात धरला. कामाच्या जागी नाती आणू नयेत.

चाळीस वर्षे मी प्राचीन ग्रंथ शिकविले. उरलेल्या वेळी एकाच ग्रंथाच्या अनेक हस्तलिखित प्रती शेजारी मांडून मूळ पाठ कोणता असावा, याचा शोध घेतला. आता भाचीच्या केंद्रात आले आहे. विद्यापीठाच्या जलतरण तलावाच्या वर तीन खोल्या, आणि दारावर ‘क्रीडा आणि मानवी हक्क अध्ययन केंद्र’. फरशीखालून औषध घातलेल्या पाण्याचा वास येतो आणि अधूनमधून शिट्टी ऐकू येते. भाची एके काळी हँडबॉल खेळत असे. गुडघा निकामी झाल्यावर ती कायदा शिकली आणि मग या विषयाकडे वळली. तेव्हा तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, विचारले होते, “म्हणजे तू नक्की करणार काय? खेळणार की भांडणार?” भाची म्हणाली होती, दोन्ही शिकवणार.

मलाही विषय उमगलेला नाही. खेळ मनुष्य स्वेच्छेने खेळतो. तेथे हक्काचा प्रश्न उद्भवतोच कोठे? परंतु जे उमगत नाही त्याच्याजवळ जाऊन बसावे, ही माझी जुनी खोड आहे.

एका कागदावर स्वाक्षरी केली. केंद्रातील काही बाहेर नेणार नाही, असा त्याचा आशय. मुलींची उत्तरे गुप्त राहावीत म्हणून असणार. योग्यच आहे.

९ जानेवारी

कामाचे स्वरूप समजले. गावाबाहेर जिम्नॅस्टिक्सची एक निवासी शाळा आहे. दहा ते सोळा वर्षांच्या एकतीस मुली तेथे राहतात. शाळेची मान्यता मे महिन्यात संपते. गेल्या वर्षी तेथून गेलेल्या एका मुलीने तक्रार केली की मनगटाचे हाड मोडलेले असताना तिच्याकडून सराव करून घेतला आणि घरी कळवू दिले नाही. शाळेने ते नाकारले. तेव्हा क्रीडा मंडळाने भाचीच्या केंद्राला सांगितले आहे की त्या मुली सुरक्षित आहेत का आणि त्यांचे कोणी ऐकते का, हे शोधून कळवा. केंद्राचे म्हणणे अनुकूल आले तर शाळेला आणखी पाच वर्षांची मान्यता मिळेल. एकतीस मुलींची पुढची पाच वर्षे आमच्या कागदांवर अवलंबून आहेत, हे भाचीने दोनदा सांगितले.

केंद्रात तिसरी एक बाई आहे. ती उत्तरांचे कोष्टक मांडते. तिला सर्व जण आकडेबाई म्हणतात. बडबडी आहे, पण हिशेबात चोख. माझ्या हाती तिने जुन्या मुलाखतींचा गठ्ठा दिला आणि म्हणाली, “मावशी, वाचताना रडू आलं तर खिडकीशी जा, खाली मुलं पोहताना दिसतात, बरं वाटतं.” मला रडू आले नाही. मात्र दोनदा खिडकीशी गेले.

१३ जानेवारी

भाचीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. पंधरा विद्यार्थी, त्यांत दोन माजी खेळाडू आणि एक पंच. ‘नको’ म्हणता येत नसेल तर ‘हो’ला काय किंमत, यावर त्यांनी तासभर वाद घातला.

घरी येताना मी भाचीला म्हणाले की माझ्या ग्रंथांत पानोपानी कर्तव्य आहे. राजाचे, पुत्राचे, शिष्याचे. हक्क असा शब्द मला आठवत नाही. ती म्हणाली, “शिष्याचं कर्तव्य आहे ना? मग गुरूचं शोध.” शोधते आहे. ज्ञान लपवू नये, असे आहे. शिष्याला पुत्रवत मानावे, असेही आहे. पुत्राचे ऐकावे असे कोठे आहे, ते मात्र सापडले नाही. उद्या पुन्हा पाहीन.

१७ जानेवारी

मुलींना द्यावयाच्या प्रश्नावलीचा मसुदा भाषा तपासण्यासाठी माझ्याकडे आला. वीस प्रश्न. दुखले तर प्रथम कोणाला सांगता, घरी बोलताना खोलीत आणखी कोणी असते का, असे. भाषा सोपी आहे, पण सारेच प्रश्न संशयाचे. शाळेत काही शुभ घडत असेल तर ते कोठे नोंदवायचे? मी माझ्या प्रतीवर, सहाव्या आणि सातव्या प्रश्नांच्या मध्ये, पेन्सिलीने एक प्रश्न लिहिला: ‘तुमच्या प्रशिक्षकांकडून शिकलेली अशी कोणती गोष्ट आहे, जी तुम्ही आयुष्यभर विसरणार नाही?’ भाचीला सांगणार होते. ती फोनवर होती, मग बैठकीला गेली. भाषेच्या दुरुस्त्या तेवढ्या आकडेबाईला सांगितल्या. उरलेले कोणी विचारले नाही, मीही बोलले नाही.

२२ जानेवारी

आज मन प्रसन्न आहे. भाची परवानगीसाठी त्या शाळेत गेली, मीही गेले. आणि प्रमुख प्रशिक्षक म्हणून पुढे आला तो कोण, तर माझा कंठस्थ!

सदतीस वर्षांपूर्वीचा माझा विद्यार्थी. त्याचे पाठांतर इतके निर्दोष असे की वर्गाने त्याचे नावच कंठस्थ ठेवले होते. आता केस पिकले आहेत, पण उभे राहणे तसेच ताठ. मला पाहताच त्याने हात जोडले आणि चार ओळी म्हणून दाखविल्या, एक मात्राही न ढळता. सभागृहात पांढरी भुकटी हवेत तरंगत होती आणि अरुंद लाकडी बीमवर मुली पक्ष्यांसारख्या उतरत होत्या. कोठेही आवाज नाही. वीस वर्षांत मी इतका शांत वर्ग पाहिला नव्हता, असे मी म्हणाले.

कंठस्थ म्हणाला, “बाई, हे सगळं तुमच्याकडून आलंय. मला ताप होता, तरी तुम्ही उभं करून अख्खा पाठ म्हणून घेतला होता. तुम्ही म्हणालात, शरीराची कुरकुर ऐकत बसलं तर विद्या येत नाही. मी मुलींना तेच सांगतो.”

मला तो प्रसंग आठवत नाही, पण शिष्याने तो इतकी वर्षे जपला याचे समाधान वाटले.

निघताना एक लहान मुलगी बाकावर बसलेली दिसली. तिने बाही बोटांपर्यंत ओढून घेतली होती. सभागृहात थंडी बरीच होती.

२७ जानेवारी

दुपारी भाची केंद्रात असताना कंठस्थ घरी येऊन गेला. तो काहीच मागत नव्हता. त्याचे दुःख एवढेच की आपल्यावर आक्षेप आहेत आणि ते कोणते, हे आपल्याला कोणी सांगत नाही. मला ते पटले. आमच्या परंपरेत प्रतिपक्षाला अंधारात ठेवून वाद होत नाही. त्याचे म्हणणे आधी, पूर्ण आणि सन्मानाने समोर यावे लागते. ज्याच्यावर आक्षेप आहे त्याला आक्षेप ठाऊक असावा लागतो. ज्या वादात हे होत नाही त्याला आम्ही वादच म्हणत नाही.

मी मसुद्याची माझी प्रत त्याला वाचावयास दिली. त्याने ती आदराने घेतली आणि तिसऱ्या दिवशी परत पाठवीन म्हणाला. माझा प्रश्न त्याला विशेष आवडला.

भाचीला सांगण्यासारखे त्यात काही नव्हते. प्रश्न म्हणजे उत्तरे नव्हेत. स्वाक्षरी उत्तरांपुरती होती.

१२ फेब्रुवारी

आज शाळेत प्रश्नावली भरून घेतली. भाची आणि आकडेबाई गेल्या होत्या. दोन तास लागतील असा अंदाज होता. चाळीस मिनिटांत एकतीस मुलींनी कागद परत दिले. आकडेबाई खूश होती. असे नेटके काम तिने कोठे पाहिले नाही म्हणाली. घरी आल्यावर भाचीने बूटही न काढता सोफ्यावर बसून विचारले, “मावशी, अकरा वर्षांची पोर पेन चावत नाही, शेजारणीकडे बघत नाही, ‘बाई, याचा अर्थ काय?’ असं विचारत नाही. असं कधी झालंय तुझ्या वर्गात?”

मी म्हणाले, चांगल्या वर्गात होते.

१८ फेब्रुवारी

सहा दिवस कागद वाचते आहे. कोष्टकानुसार शाळा उत्तम आहे. दुखल्यावर विश्रांती मिळते: एकतीस. घरी एकांतात बोलता येते: तीस. आकडेबाई समारोपाचा परिच्छेद लिहायला लागली आहे.

प्रश्नावलीच्या अखेरीस एक रिकामी चौकट ठेवली आहे: ‘आणखी काही सांगायचे असल्यास.’ तेथे तेवीस मुलींनी लिहिले आहे की सरांकडून त्या काय शिकल्या. ‘सरांकडून मी शिकले की थकवा ही मनाची सवय आहे आणि सवय बदलता येते.’ आकडेबाईने हे सारे ‘कृतज्ञता’ या रकान्यात घातले आहे.

परंतु मी आयुष्यभर एकच काम केले आहे. दोन प्रतींत एकच खरे वाक्य असले तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. खरे कोणीही स्वतंत्रपणे लिहू शकतो. मात्र जेथे मुळीच अपेक्षित नाही अशा जागी एकच भर तेवीस प्रतींत आली, तर त्या प्रती कोणत्या तरी एका मूळ प्रतीवरून उतरल्या आहेत असे मानावे लागते. मी कागद जमिनीवर पसरले. नऊ जणींनी ‘मनाची सवय’ लिहिले आहे, आठ जणींनी ‘मनाचा आळस’, सहा जणींनी ‘मनाचे खोटे’. म्हणजे तीन शाखा. तीन खोल्या असतील, आणि प्रत्येक खोलीत एका मोठ्या मुलीने बाकीच्यांकडून पाठ करून घेतला असेल. तिघींनीही तो एकाच तोंडून ऐकला असेल.

हस्तलिखितांपासून इतके दूर येऊन तोच आनंद भेटला. गुडघे दुखत असूनही मी जमिनीवरून उठले नाही.

१९ फेब्रुवारी

भाचीला दाखविले. ती माझ्याबरोबर फरशीवर बसली, तिने तीन ढीग स्वतः मोजले आणि माझा हात घट्ट धरला. इतका घट्ट तिने तो फक्त लहानपणी, जत्रेत हरवण्याच्या भीतीने, धरला असेल.

ती म्हणाली, “शिकवून ठेवलंय त्यांना. म्हणजे प्रश्न आधी बाहेर गेले.” मग पुढे वाकून म्हणाली, “पण हे तर आपल्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नाही. पाठ केलं होतं, प्रश्न आलाच नाही, आणि लिहिलं नाही तर सर रागावतील, म्हणून चौकटीत उतरवलं. मावशी, हे उत्तर आहे. मग प्रश्न काय होता? तू शोधशील?”

ती आकडेबाईला बोलवायला गेली. मी पेन्सिल घेतली. हरवलेला पाठ आम्ही असाच काढतो; उत्तराच्या आकारावरून प्रश्नाचा आकार. हात न थांबता चालला आणि पुरे वाक्य लिहून झाले. ते मी वाचले.

अक्षर माझे होते. वाक्यही माझे होते. या जगात तो प्रश्न दोनच जागी होता: माझ्या मनात आणि मी दिलेल्या प्रतीत.

कागद दुमडून मी पुस्तकात ठेवला. भाची आली तेव्हा अजून सापडले नाही, असे सांगितले.

२० फेब्रुवारी

रोजचा प्रातःपाठ झाला नाही. बसले होते; शब्द आले नाहीत.

२२ फेब्रुवारी

भाचीचा संशय आकडेबाईवर आहे. मसुदा तिच्या संगणकावर होता आणि तिच्या चुलत बहिणीची मुलगी त्याच शाळेत शिकते. हे तिने आधी सांगितले होते, पण आज भाचीला ते वेगळेच ऐकू येते आहे. दुपारी दोघी समोरासमोर बसून जेवल्या. आकडेबाईने डबा अर्धा टाकून झाकण लावले.

मी मनाशी बराच युक्तिवाद केला. मी दिली ती प्रश्नपत्रिका नव्हे, आक्षेपांची यादी होती. त्याने तिचा दुरुपयोग केला, तर पाप त्याचे. मी सांगितले तर भाचीचे काम मातीत जाईल. तीन वर्षे तिने या केंद्रासाठी झिजविली आहेत. न सांगता तेवीस कागदांचा पुरावा तसाही उभा राहतो. मूळ प्रत कोणाची, हे कशाला हवे?

हा युक्तिवाद एखाद्या विद्यार्थ्याने माझ्यापुढे मांडला असता, तर मी त्याला दुसऱ्याच वाक्याला थांबविले असते.

२३ फेब्रुवारी

सांगितले. सकाळी, स्वयंपाकघरात, ती भांडी पुसत असताना. दुमडलेला कागदही दिला.

तिने तो वाचला आणि ओट्यावर पालथा ठेवला. मी सारे सांगितले. प्रतिपक्षाचा अधिकार, परंपरा, त्याचे दुःख. ती ऐकत भांडी पुसत राहिली. शेवटी म्हणाली, “त्याच्या बाजूचा तू एवढा विचार केलास. मुलींपैकी कुणी तुझ्याकडे येऊन प्रश्न मागितले असते, तर दिले असतेस?”

मी म्हणाले, मुली कशाला येतील?

“तेच,” ती म्हणाली. “त्यांना तिथून कुठेच येता येत नाही. तुझ्या वादात त्या कुठे बसल्या होत्या, मावशी? तो एक पक्ष, आम्ही एक पक्ष. आणि त्या? त्या काय, कागद?”

त्यानंतर ती ओरडली असती तर मला हलके वाटले असते. तिने उरलेली भांडी पुसली, फडके वाळत टाकले आणि आकडेबाईची माफी मागायला गेली.

२५ फेब्रुवारी

आकडेबाई माझ्या टेबलाशी आली. मी उभी राहिले. ती म्हणाली, “बसा हो. दोन दिवस मी माझ्याच संगणकाकडे संशयाने बघत होते, झोपेत तर काही पाठवलं नाही ना म्हणून.” मग ती हसली, पण डोळे हसले नाहीत. “तुम्ही मला सांगितलं असतंत तरी चाललं असतं. भाचीबाईंना नंतर.” मी क्षमा मागितली. तिने मान हलविली आणि माझी पाटी उगाच सरळ केली.

४ मार्च

भाचीने स्वतःच सारे कळविले होते; आज मंडळापुढे सुनावणी झाली. लांबट टेबल, पाण्याच्या बाटल्या, अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायाधीश बाई. कंठस्थ समोर होता. शाळेच्या वकिलाचे म्हणणे असे की मुलींनी तयारी करून लिहिले म्हणून खोटे लिहिले असे होत नाही. परीक्षेलाही मुले तयारी करतात.

मला विचारले, प्रत कोणी दिली? मी म्हणाले, मी. का दिली, हेही सांगितले. सांगताना माझेच कारण मला परके वाटत होते.

मग कंठस्थला विचारले. तो शांतपणे म्हणाला, “मी काहीच लपवत नाही. बाईंनी मला जसं घडवलं तसंच मी मुलींना घडवतो. मला ताप असताना बाईंनी उभं केलं. मी मेलो नाही. आज इथे उभा आहे.”

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिले. हे खरे आहे का? मी म्हणाले की मला आठवत नाही. पण तो सांगतो म्हणजे खरे असणार, कारण त्याचे पाठांतर कधी चुकत नाही. त्या क्षणी त्याने माझ्याकडे पाहिले. तो विजयी दिसेल असे मला वाटले होते. तो फार थकलेला दिसला.

निर्णय असा. आमचा अभ्यास दूषित म्हणून रद्द. भाचीने या प्रकरणातून बाजूला व्हावे. ती शिकवू शकेल, संशोधन दुसरे केंद्र करील. शाळेला फक्त तीन महिन्यांची मुदत. तोवर प्रत्येक मुलीला सुट्टीत घरी पाठवावे, आणि नव्या संशोधकांनी त्यांच्याशी तेथे बोलावे, शाळेच्या भिंतींबाहेर.

गाडीत भाची म्हणाली, “मुदत वाढवून का होईना, घरी तर जातील.” तिची तीन वर्षे मी एका दुपारी देऊन टाकली, हे दोघींनाही ठाऊक होते.

१ एप्रिल

भाचीने विचारले की तिच्या वर्गाला मी एक तास घेईन का. विषय: सद्हेतूने केलेली चूक. मी म्हणाले, हा दंड आहे का? ती म्हणाली, “नाही गं. अभ्यासक्रम आहे. तुझ्याइतकं ताजं उदाहरण मला कुठे मिळणार?”

पाच आठवड्यांनंतर ती प्रथमच माझी थट्टा करीत होती. रात्रीच्या जेवणाला मी दोन घास अधिक खाल्ले.

१० एप्रिल

तास झाला. मी तीन ढीग फळ्यावर काढून दाखविले, शाखा जोडल्या आणि मूळ प्रतीच्या जागी स्वतःला लिहिले. विद्यार्थी हसले, मीही हसले. मग पंच असलेल्या मुलाने विचारले, ज्या आठ जणींनी चौकट रिकामी ठेवली त्या कोण? मी म्हणाले की प्रारंभी मला त्या निष्काळजी वाटल्या, नंतर धीट वाटल्या. मागून एक माजी धावपटू मुलगी म्हणाली, “किंवा विसरल्या असतील, बाई. त्यांना भूक लागली असेल.”

हे तिसरे स्पष्टीकरण मला सुचले नव्हते. घरी येऊन पुष्कळ विचार केला. ते मला सर्वांत खरे वाटते. मुलींच्या बाबतीत मला एक तर शिस्त दिसते, नाही तर पराक्रम. मुलगी दिसत नाही.

५ जून

नव्या केंद्राचा अहवाल मंडळाकडे गेला. भाचीला तो वाचावयास मिळाला आणि तिने मला जेवढे सांगता येते तेवढे सांगितले. एकतीसपैकी एकोणीस मुलींनी दुखत असताना सराव केला आहे. पहिल्या तक्रारीचे मनगट खरे ठरले. दुसऱ्या एकीच्या पावलाचे हाड दोनदा मोडून स्वतःच जुळले आहे.

मी म्हणाले, म्हणजे शाळा बंद होणार.

“नाही,” भाची म्हणाली. “मुलींनाच विचारलं ना. सव्वीस जणींना परत जायचंय. त्यांना जिम्नॅस्टिक्स हवंय. त्यांना दुखतंय म्हणायची सोय हवीय, शाळेचा नसलेला डॉक्टर हवाय, फोन हवाय. आणि सर एकटे नकोत.” मंडळाने तसेच ठरविले. एका वर्षाची मान्यता. प्रमुख म्हणून नवीन बाई. कंठस्थला सहा महिने सभागृहापासून दूर राहून प्रशिक्षण घ्यावयाचे आहे. तो अभ्यासक्रम भाचीच्याच केंद्रात शिकविला जातो. ती त्याला शिकविणार आहे.

मी विचारले, तुला राग नाही? ती म्हणाली, “आहे की. पण मुलींनी त्याला हाकला असं नाही सांगितलं. मला हवं तेवढंच ऐकायचं असतं तर मी प्रश्न कशाला विचारले असते?”

माझी समजूत अशी होती की पिंजरा उघडला की पक्षी उडतो. त्या पाच जणी उडाल्या. उरलेल्या सव्वीस जणींना पिंजरा नको होता, पण झाड तेच हवे होते. हे मला अजून पुरते उमगलेले नाही; जवळ जाऊन पाहायला हवे.

१९ जुलै

आता शाळेत महिन्यातून एक दिवस कोणीही येऊन सराव पाहू शकते. भाची विद्यार्थ्यांना घेऊन गेली. मी घरीच थांबते म्हणाले, तर ती म्हणाली, “नियम सगळ्यांना आहे, तुलाही. फक्त कुणाला कागद देऊ नकोस.”

आम्ही कडेच्या बाकांवर बसलो. सभागृहात पूर्वीची शांतता नाही. कोणी तरी हसते, कोणी तरी पाणी सांडते, नव्या प्रशिक्षक बाईंचा आवाज जाड आहे. साधारण बारा वर्षांची एक मुलगी बीमवर चढली. दोन्ही हात पसरले, पाऊल टाकले, वळली. तिचे वळणे इतके सुंदर होते की मी श्वास धरून ठेवला. उडी घ्यावयाची होती. ती टोकाशी थांबली, खाली पाहिले, आणि सरळ आवाजात म्हणाली, “आज नाही.”

मग ती बीमवर बसली, पाय खाली सोडले आणि उतरली. नव्या बाईंनी मान हलवून पुढच्या मुलीला बोलाविले. तिच्या नावापुढे खूण करायला कोणी वही उघडली नाही. उतरलेली मुलगी पाण्याची बाटली घेऊन मैत्रिणीजवळ जाऊन बसली आणि दोघी कशावरून तरी हसू लागल्या.

हे सारे चार-पाच क्षणांत झाले. माझ्या शेजारी भाची होती. तिला काही जाणवले नसावे. मात्र ती मुलगी टोकाशी थांबली तेव्हा माझी पाठ ताठ झाली होती, बोट वर उचलले गेले होते, आणि ‘पुन्हा’ हा शब्द माझ्या जिभेवर येऊन पोहोचला होता. मी तोंड मिटले. बोट खाली यायला मात्र थोडा वेळ लागला.